डोया आणि डोळा

प्रिय कुसुम,

तू गेल्यावर पावसाळा सरला, आणि कागद मी आज हातात घेतला. आपली जुई वाचनालयात यायची बंद झाली. हे तुला सोडून कुणाला सांगू? समितीतले लोक म्हणतील, एक पोरगी नाही आली तर एवढं काय!

शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांसाठी तू घालायचीस ती शनिवारची चटई अजून अंथरली जाते. नवीन बाई आल्या आहेत. मनानं वाईट नाहीत गं. पण पुस्तक देण्याआधी त्या हात धुतलेत का ते बघतात. तू तर पुस्तक उलटं धरणाऱ्यालाही "वाच, मी ऐकून राह्यली" म्हणायचीस!

गिरणीवाल्यांची जुई चित्रावर बोट ठेवून "डोया" म्हणायची. तू तेच बोट खालच्या ळ वर नेऊन म्हणायचीस, "हाव, डोया. तो असा लिवतात." आपल्याकडे ळ चा य घरातूनच होऊन येतो, त्याला दारात अडवायचं नाही, असं तुझं म्हणणं. मी हसायचो. एकदा तरी मला बसवून नीट समजावलं असतंस! नेहमीची तुझी घाई, जग सोडतानाही तीच.

मागच्याच्या मागच्या शनिवारी बाईंनी जुईला सगळ्यांसमोर उभं केलं. "डोळा म्हण." ती म्हणाली, "डोया." पुन्हा तेच. पोरं खिदळली. मी पेपर ठेवून उठेपर्यंत ती चपला हातात घेऊन पळाली होती.

काल गिरणीवर गेलो. तिची आई म्हणाली, "बाबाजी, पोरगी येत नाई मनते. मले वाचताच येत नाई मनते."

जुई दाराआड उभी होती. "काऊन वं बाई?" मी विचारलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कुसुम, चित्रांशीही बडबडणारं पोर ते! मला रडू आलं. डोळ्यांत पीठ गेलं असं सांगून निघालो.

बाईंशी बोलेन. येत्या शनिवारी चटईवर मीही बसेन. गोष्ट वाचताना तू काढायचीस तो माकडाचा आवाज मला जमत नाही, पण पोर जे म्हणेल ते आधी ऐकून घेईन. आणि जुईसाठी पुस्तक घेऊन गिरणीवर जात राहीन, तिनं हाकललं तरी. एवढं वचन देतो. ती पुन्हा तोंड उघडेल, हे वचन मात्र माझ्याकडून घेऊ नकोस.

तुझा,
वसंत