आठशेच्या पोटात तेराशे

२ नोव्हें., रवि.
मानेवाडा चौकात सिग्नल सुटला आणि मामाजींच्या गाडीनं शेजारच्या मोटरसायकलवाल्या पोराला मागं टाकलं. मी बाजूला बसलेलो, हात आपोआप डॅशबोर्डवर. सासरा अठ्ठ्याहत्तरचा, गाडी पंधरा वर्षांची, आठशे सीसीची. आजवर तिला सायकलवालेसुद्धा हात दाखवून पुढं जात.
विचारलं, हे काय मामाजी? "नितीननं सर्व्हिसिंग करून आणली."
सर्व्हिसिंगनं असं होत असेल तर मलाही एकदा नेऊन आणा.
बॉनेट उघडू देत नाहीत.

४, मंगळ.
दुपारी मामाजी झोपले असताना उघडलं. इंजिन आत असं बसवलंय जसा दिवाळीच्या गर्दीत एस.टी.त चौथा माणूस. बॅटरी सरकवलेली, एक नळी तारेनं बांधलेली.
नितीनला फोन. म्हणजे माझा साळा, बेसा भागात फ्लॅट स्कीममध्ये राहतो, मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिनियर झालेला. "तेराशेचं टाकलं ना भाऊजी. भंगारात निघालेल्या गाडीचं. रॉकेट झाली का नाही?"
रॉकेट कशाला लागतं? नागपूर म्हणजे पोळपाट. चढ म्हणावा असा सेमिनरी हिल्सचा, बाकी सगळे उड्डाणपुलांचे.
म्हटलं, परवानगी घेतली?
"परवानगी घेऊन कोणी इंजिन बदलते का जी?"

८, शनि.
गाडीची नोंदणी याच महिन्यात संपते. पुन्हा पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात, आणि मामाजींचं दर रविवारी उमरेडला जाणं बंद. तिथं त्यांची चार म्हातारी माणसं उरलीत. बस चढवत नाही, आणि कोणी नेऊन सोडलेलं चालत नाही. माझ्या बायकोला म्हणाले होते, ज्या दिवशी मले कोणी मागच्या सीटवर बसवलं, समज बाप गेला.
मुहूर्त बघून इंजिन बदललंय.
नितीन पीयूसी घेऊन आला. पंपासमोरच्या व्हॅनवाल्यानं विचारलं म्हणे, गाडी आणली का फोटो? यानं फोटो दाखवला. फोटोचा धूर कायद्यात बसला.
जाता जाता मीही वर्धा रोडला गाडी चालवून पाहिली. तपासणी म्हणून. पूल संपल्यावर कळलं की पूल होता. घरी बोललो नाही.

११, मंगळ.
आरटीओ. नितीनची योजना एका ओळीची : साहेबाले भेटून घेऊ.
साहेब तरुण, चष्म्याचा. नितीनच्या खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाकडे असं पाहिलं की नितीननं ते रुमाल असल्यासारखं घाम पुसायला वापरलं. मग कागद लावून वर पेन्सिल घासली, इंजिनाचा नंबर उमटवला, कागदपत्रांशी ताडला. जुळेना.
"गाडी धुराच्या एका नियमातली, इंजिन त्याच्याही आधीच्या नियमातलं. म्हणजे ताकद वाढवली आणि धूरही वाढवला. परवानगी आधी घ्यायची असते, आणि या इंजिनाला ती मिळतही नाही. मूळ इंजिन बसवून महिना संपायच्या आत या."
बाहेर येऊन नितीन : "साला इमानदार निघाला. आपलं नशीबच खराब."
काय पिढी. आमचीही तशीच होती म्हणा, पण आम्ही हे गेटच्या बाहेर जाऊन म्हणायचो.

१५, शनि.
मूळ इंजिन कुठंय? ते काढणारे रशीदभाई मिस्त्री : "वो तो बेच दिया भाईसाब. कळमने में है, चाळनी पे."
कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो. मामाजी ऐकेनात, तेही आले. अडत्याच्या शेडमागं, सोयाबीनच्या धुळीत, लोखंडी चौकटीवर आमचं आठशे. वीज गेली की हे पट्ट्यानं धान्याची चाळणी हलवतं. धूर काळाकुट्ट. नंबर कोणी बघत नाही, पासिंग नाही, पीयूसी नाही. कायदा चाकांना आहे, चाकं काढली की मोक्ष.
मला वाटलं म्हातारा हळवा होईल. मामाजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "लयच कमजोर होतं हो जावईबापू हे."
रशीदभाई अडत्याला दुसरं देणार, हे आपल्याला परत.
येताना मामाजी आपणहून बोलायला लागले. घर कोष्ट्याचं, उमरेडचं. "काही लुगडी कायद्यानं हातमागालेच राखून होती. पॉवरलूमवर काढली तं गुन्हा. तपासणीवाला येऊन राहिला म्हटलं का आम्ही मोटरचा पट्टा उतरवून ठेवू, आन् आमचा बाप कोपऱ्यातल्या हातमागावर बसे. ठकठक, ठकठक. साहेब चहा पिऊन जाय. पट्टा परत."
म्हटलं, म्हणजे?
"म्हणजे काय? पट्टा उतरवाचा."
तेव्हा डोक्यात उजेड पडला. मामाजी, हे तेराशे कोणाच्या डोक्यातून निघालं?
समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "नित्या भोळा आहे."
दोन आठवडे मी नितीनला शिव्या घालतोय. परत घेणार नाही. त्याला त्या दुसऱ्या कारणांसाठी लागू आहेत.

२०, गुरु.
पासिंग झालं. पेन्सिल, कागद, नंबर जुळला. साहेबानं विचारलं, "मोठं इंजिन कुठंय काका?" मामाजींनी हात जोडले. "भंगारात देलं साहेब." चेहरा असा, की मलाही खरं वाटलं.
तेराशे माझ्या पोर्चमध्ये आहे. नितीनची सोसायटी ठेवू देत नाही, मामाजींच्या दारात दिसायला नको. माझं घर दोन गल्ल्या सोडून, म्हणून मी. वर जुनी चादर.
बायकोनं अर्थातच चादर उचलली. "अठ्ठ्याहत्तरच्या माणसाले तेराशे? ब्रेक तं आठशेचेच आहेत ना? का तेही तुमच्या त्या नित्यानं बदलले?"
नित्या तिचा भाऊ. अशा वेळी माझा होतो.

२३, रवि.
मामाजींबरोबर उमरेडला. आठशे परत जागेवर. पाचगावपर्यंत एका ट्रकच्या मागं, धूर खात. (त्या ट्रकचं पीयूसी असणारच. फोटो छान निघत असेल.) एकदा ओव्हरटेकला बाहेर काढली, गाडी ओढेना, समोरून बस. कशीबशी परत आत.
मामाजी म्हणाले, "तेराशे असतं तं निघालो असतो."
खरं होतं. बायकोचं ब्रेकचंही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे मला बसवलंय, आणि माझ्या बाजूला हँडब्रेक.
येताना, आयुष्यात पहिल्यांदा, मामाजी म्हणाले, "तुम्हीच चालवा." मी चालवली. ते पुढंच बसले होते, पण मान मागच्या सीटवर बसल्यासारखी.

२९, शनि.
बायकोनं भंगारवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय. मामाजींनी रशीदभाईला उद्या सकाळी बोलावलंय. दोघांनी मला एकच निरोप दिला : घरीच राहा.
नितीनचा फोन. "काय ठरवलं भाऊजी?" म्हटलं, तू भोळा आहेस, तू झोप.
संध्याकाळी मामाजी चालत आले. बायको बाजारात. चादर बाजूला करून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं इंजिनावरची धूळ पुसली, चादर नीट खोचली, लेकराच्या अंगावर घालतात तशी. चहा घेतला नाही.
जाताना, "सकाळी गेटची चाबी कोणाकडं राह्यते?"
माझ्याकडं, म्हटलं.
"बरं," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता गेले.
उद्या दोन टेम्पो येतील. पोर्चमध्ये एकच मावतो.