त्रेचाळीस लिंका

सोमवार, ६ जानेवारी
म्हणे शुक्रवारपर्यंत पान हवं! डिझाइन आणि फिल्मच्या पोरांना लागणारी सगळी सॉफ्टवेअरं, ती शिकवणारे व्हिडिओ, सगळं कॉलेजच्या साइटवर एका जागी. भोयर सर, आमचे विभागप्रमुख, सांगून मोकळे. "कॉम्प्युटर लॅब तुमच्याकडे आहे, लतिका मॅडम. आणि प्रत्येक लिंकखाली दोनच ओळी. पोरं वाचत नाहीत."
वाचत नाहीत तर पान कशाला? — हे मनात. तोंडाने "हो सर".

शुक्रवार, १० जानेवारी
झालं एकदाचं. त्रेचाळीस लिंका! एकेक व्हिडिओ स्वतः पाहिला. डोळ्यांचा पार भुगा.
सर म्हणाले, "छान. फाँट बदला."

सोमवार, १३ जानेवारी
पान किती वेळा उघडलं गेलं? सहा. त्यातल्या तीन वेळा मीच.
तिसऱ्या वर्षाची हर्षा पुन्हा टेबलाशी. काटोलहून बसने येते, आली की पहिले माझ्याकडे.
"मॅडम, आवाज अन् चित्र मागंपुढं होऊन राहिलं."
"पानावर आहे. सतरावी लिंक."
"पाह्यली जी. तो माणूस इंग्रजीत लय पटपट बोलते. मले समजूनच नाही राहिलं."
"खाली अक्षरं येतात ना!"
"ते बी इंग्रजीच."
मग मी काय करू? त्रेचाळीस व्हिडिओ मराठीत बोलून दाखवू? चिडलेच. "बरं जी" म्हणून गेली.

बुधवार, १५ जानेवारी
संक्रांत काल झाली, पोरं आजही गच्चीवर पतंगी उडवून राहिली. लॅबमध्ये मी आणि एसी.

सोमवार, २० जानेवारी
लॅबभर एक झेरॉक्स फिरते आहे! हाताने लिहिलेली, आठ पानं, मराठीत. "इथं कैचीचं चित्र दिसते. ते दाबा. भिऊ नका, परत मागं येता येते." बटणांची चित्रंसुद्धा काढलेली. अक्षर हर्षाचं, मी ओळखते. डिझाइनवालेही तीच उघडून बसलेत. माझ्या पानाकडे कुत्रं फिरकत नाही आणि हिची झेरॉक्स तोंडपाठ!
राग आला. खरं लिहायचं तर झेरॉक्स चांगली आहे, म्हणून जास्त आला.

गुरुवार, २३ जानेवारी
प्रशिकची फिल्म गेली.
हाही तिसऱ्या वर्षाचाच. धंतोलीत दवाखान्यांबाहेर दिवस काढणाऱ्या नातेवाइकांवर करत होता. अंजनाबाई म्हणून एक बाई, नवरा आत भरती. तीन दिवस तिच्याजवळ बसून शूट केलेलं. झेरॉक्समध्ये लिहिलंय — क्लिप्स इम्पोर्ट करा, मग कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करा. याने तसंच केलं. अरे, इम्पोर्ट केलं की सॉफ्टवेअर नुसती कार्डावरची क्लिप दाखवतं! कार्ड पुसलं की संपलं. आधी कॉम्प्युटरवर कॉपी नको करायला? वर त्याच कार्डावर दुसरं शूटही केलं. चार तास रिकव्हरी चालवून पाहिली. शून्य.
"पुन्हा शूट कर," मी म्हणाले.
"तिचा नवरा बरा होऊन गावी गेला, मॅडम. त्याले परत भरती करू काय?"


शुक्रवार, २४ जानेवारी
सरांनी हर्षाला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.
"कोणी सांगितलं होतं हे लिहायला?" गप्प. "हे चुकीचं उचललंस कुठून?" गप्प! माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली. बोल ना वं बाई, काहीतरी बोल! नाही. शेवटी सर म्हणाले, तिची फिल्म यंदा वार्षिक स्क्रीनिंगला लागणार नाही. मी मान डोलावली. "सगळं पानावर असताना ही भानगड कशाला?" असंही वर मीच म्हणाले.
ती रडली नाही. तेवढंच सारखं डोळ्यांपुढे येतंय.

सोमवार, २७ जानेवारी
"झेरॉक्स वापरू नये" ही सूचना टाकायला पान उघडलं. नववी लिंक. खाली माझ्या दोन ओळी: क्लिप्स इम्पोर्ट करा. मग कार्ड फॉरमॅट करा. कॉपीची ओळ तिसरी होत होती म्हणून मीच कापली होती. हर्षाने शब्द न् शब्द तेच उतरवलं.
तिला जिन्यात गाठलं. "तुला माहीत होतं. मग त्या दिवशी बोलली काहून नाहीस?"
"तुमची नोकरी कंत्राटी आहे ना जी. मार्चले संपते."
ती चूक माझी होती, हे सरांना सांगून आले. तिची फिल्म लागेल. आता प्रशिकला शोधते आहे.