ही खरूज नव्हे

सोमवार, ११ जानेवारी १९५४, चिंचवड

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी इंद्रायणीला शाळेतून परत पाठवलं. सात वर्षांची पोर, शिपाई सोनबाच्या मागे दप्तर छातीशी धरून दारात उभी. मुख्याध्यापक ज्योतीराम गुरुजींचा निरोप — "खरूज आहे. बाकीच्यांना लागेल. बरी झाली की पाठवा. महिना उलटला तर नाव कमी होईल."

चिठ्ठी? नाही. तीस वर्षं कचेरीत पत्रं टंकली मी. तोंडी हुकूम मानायची सवय नाही.

खरूज म्हणे. माझ्या घरात!

१२ जानेवारी

गुरुजींना पत्र धाडलं. "सदर मुलीची आई वारल्यापासून ती माझ्याकडे आहे. तिला मी स्वतः दोन्ही वेळा कढत पाण्याने, कार्बोलिक साबण लावून, ब्रशने घासून अंघोळ घालते. आमच्या घरी स्वच्छतेत कसूर नाही." कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला अशाच घासायच्या. एकीलाही काही झालं नाही.

भांडी घासता घासता सुभद्राबाई म्हणाली, "बाई, त्यो लाल साबण पोरीला सोसत न्हाई. आंग बगा कसं तडकलंय. खोबऱ्याचं त्याल लावा."

म्हटलं, तू भांड्यांपुरतं बघ.

"बगते की. भांडी रडत न्हाईत."

१७ जानेवारी

उत्तर नाही.

२० जानेवारी

कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी लाल, ओली. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शेजारच्या यशोदाबाई रोज नवा उपाय आणतात. वांगी बंद केली, मीठ बंद केलं, गंधक लावला. आज म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं पाप असतं हो."

"मग तुमच्या अंगावर कसं काही उठलं नाही?"

त्या गेल्या. खाज राहिली.

२६ जानेवारी

शाळेची प्रभातफेरी आमच्या गल्लीतून गेली. इंद्रायणी खिडकीत होती. वर्गातल्या एकीने हात केला. हिने आधी मी विणलेल्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढल्या, मग हात हलवला.

२ फेब्रुवारी

बादली दिसली की न्हाणीघराच्या चौकटीला धरून बसते. "आत्याआजी, आज नको ना." बोटं एकेक सोडवून आत नेली. स्वच्छ नको ठेवायला? मला दुसरं करता तरी काय येतं?

६ फेब्रुवारी

महिना भरायला पाच दिवस. तिचा बाप — माझा भाचा यशवंतराव — देहूरोडला डेपोत आहे. त्याच्या ओळखीच्या, लष्करातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांकडे गाडीने घेऊन गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"इसब आहे. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तसा दाखला देतो."

केवढा जीव हलका झाला. मग त्यांनी इंद्रायणीला विचारलं, "अंघोळ कोण घालतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मीच सांगितलं. तोऱ्यात. ब्रशसकट.

"ते आजपासून बंद. कोमट पाणी, तेही थोडाच वेळ. तो साबण नको. अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळा. लोकर अंगाला लागू देऊ नका, नखं कापा. हा आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढेल, बाई. पण निदान पोरीला सोलणं तरी थांबेल."

परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. स्वेटर काढून पिशवीत टाकला होता.

७ फेब्रुवारी

सुभद्राबाईला म्हटलं, खोबरेल कुठल्या घाण्यावरचं चांगलं? तिने सांगितलं. आणखी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

८ फेब्रुवारी

दाखल्याबरोबर गुरुजींना दुसरं पत्र. बुधवारी दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर द्यावे. या वेळी स्वच्छतेची ओळ घातली नाही.

इंद्रायणी शेजारी उभी राहून वाचत होती. मग आपली पाटी आणून माझ्यापुढे ठेवली, वर पेन्सिल.

"तू पण लेखी दे, आत्याआजी. परत घासणार नाहीस म्हणून. दिवे लागायच्या आत."