मंगळाचं पॅकिंग

शहापूर,
ता. ३ फेब्रुवारी १९५८

चि. अनंतास ताराताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या फटफटीला नाहीत.

पत्र मिळताच आपल्या धाकट्या काशीची पत्रिका घेऊन ये. इथं अंबूबाई म्हणून आहेत. नवरा फार लवकर गेला, पण बाईनं एकटीनं भाताची गिरणी चालवली आणि मुलगा मोठा केला. तो रघू आता गिरणी बघतो. दिवाळीत काशी माझ्याकडे आली होती तेव्हा अंबूबाईंनी तिला पाहिली, आणि परवा स्वतःहून पत्रिका मागितली.

मंगळाचं मी काही बोललेली नाही. तो सातव्या घरात बसलेलाच आहे, त्यांच्या शास्त्रीबुवांना दिसेल, मग व्हायचं ते होईल. त्याच मंगळावरून चार घरांनी आपल्या पोरीला नको म्हटलं. चौथ्या खेपेला ती दोन दिवस जेवली नव्हती, हे तू पाहिलंयस. आता पंचविसावं सरत आलं तिचं. हे स्थळ गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही.

एस.टी.नं ये. पत्रिकेची ती एकच प्रत आहे आणि करणारे जोशी वारून दहा वर्षं झाली. गणपतीत आलास तेव्हा तुझ्या पिशवीतून दोन प्लग, क्लचची वायर, चेनची कडी आणि एक अख्खी ट्यूब निघाली, आणि नेसायला धोतर मात्र आमच्या ह्यांचं घेतलंस. जनाची नाही तर मनाची बाळग.

लोभ आहेच, तो टिकेल इतपतच ते डबडं पळव.

तुझी,
ताराताई

०

मुरबाड,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. ताराताईस अनंताचा सा. न. वि. वि. पत्र बसून वाच, आणि हातात लाटणं असेल तर आधी खाली ठेव.

काल मी येऊन गेलो. तू देवळात गेली होतीस, म्हणून पत्रिकेची गुंडाळी कोनाड्यात ठेवली आणि पळ काढला. का, ते सांगतो.

एस.टी.नंच येणार होतो, देवाशपथ. पण वाटेत किन्हवलीला पंचवीस म्हशी लस टोचून घ्यायला ताटकळल्या होत्या, आणि म्हशींसाठी एस.टी. थांबत नाही. म्हशी उरकल्या आणि पुढच्या चढावर फटफटी खोकायला लागली. खोकली, शिंकली, बसली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यात कागदाचं एक पॅकिंग असतं. ते फाटलं की इंजिन भलतीकडून हवा ओढतं. तू हसतेस त्या पिशवीत सगळं होतं ताई, फक्त पॅकिंगचा जाड कागद नव्हता. सरकारी फॉर्म लावून पाहिले. ते आमच्या खात्यासारखेच निघाले, नट आवळताच फाटले.

मग ती गुंडाळी दिसली. कोरी बाजू वर होती, कागद जुना, चांगला जाड. खालचा भाग रिकामाच असणार अशी माझी समजूत. सांध्यावर धरला, पान्ह्यानं कडेकडेनं ठोकून आकार उमटवला, चाकूनं कापला, तेल चोळलं, बसवला. एका किकेत गाडी चालू. मोळी उतरवून शेजारी बसलेला सुक्या नावाचा गडी इतका वेळ गुमान बघत होता. त्यानं उरलेला कागद उलटा केला आणि म्हणाला, "सायेब, ही कुंडलीची घरं ना? एक घर गेलं की तुमचं."

ताई, मी कागद हिसकावून पाहिला. सातवं घर पॅकिंगच्या मधल्या भोकात गेलंय. मंगळाचा 'मं' पॅकिंगच्या कडेवर आलाय. खाली लिहिलेली जन्मवेळ बोल्टाच्या भोकात गेली. सध्या मंगळ कार्बोरेटरात आहे, आणि खोटं कशाला बोलू, गाडी आजवर इतकी सुरेख कधी चालली नव्हती.

उंदरानं खाल्ली असं सांग. काशीला यातलं काही कळवू नकोस, ती पान्हा घेऊन अंगावर येईल.

मार खायला येईनच, तोवर माया पातळ करू नकोस.

तुझा,
अनंता

०

शहापूर,
ता. १३ फेब्रुवारी १९५८

चि. अनंतास आशीर्वाद, तोही हात आखडून.

मेल्या, तुझं पत्र काल आलं. गुंडाळी मी परवाच, न उघडता, अंबूबाईंकडे पोचवली होती. शास्त्रीबुवांनी पाटावर पत्रिका पसरली आणि मधे हे एवढं भगदाड. त्यांनी ती उचलून डोळ्यांसमोर धरली, तर पलीकडे अंबूबाई दिसल्या. तुझं पत्र आलंही नव्हतं तरी माझ्या तोंडून उंदीरच निघाला. एकाच आईची लेकरं आपण. शास्त्रीबुवा म्हणाले, उंदीर मोठा कारागीर दिसतो, भगदाडाला दोन्ही बाजूंनी अगदी सारखी टोकं काढून गेलाय.

पण आता पुढचं ऐक. जे घर दिसतच नाही त्याचा दोष कसा सांगायचा, असं म्हणून त्यांनी उरलेलं पाहिलं. सत्तावीस गुण जमले. अंबूबाईंनी तिथल्या तिथे साखर वाटली. साखरपुडा फाल्गुनात.

मी गप्प बसले, अनंता. तोंड उघडणार होते, पण दोन दिवस न जेवलेली काशी डोळ्यांपुढे आली आणि मी साखर खाल्ली. पाप असेल ते माझ्या माथी. तूही गप्प बस, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल.

माझा लोभ हवा असेल तर तोंडाला कुलूप.

ताराताई

०

मुरबाड,
ता. १७ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. ताईस काशीचा सा. न. वि. वि.

दादानं तुझं पत्र चुलीत घातलं नाही. फटफटीच्या पिशवीत, ट्यूबच्या खाली लपवलं. त्या पिशवीत माझा हात रोज असतो, चेनला तेल मीच देते. हे तो विसरला.

आधी मी हसले, पोट दुखेपर्यंत हसले. मग रडले. ताई, मला लग्न हवंय. मी उगाच तोऱ्यात बोलत नाही. दिवाळीत अंबूबाईंशी गप्पा मारताना मला किती बरं वाटलं होतं, आणि त्यांचा मुलगा न्यायला आला तेव्हा मी दारातून नको इतका वेळ पाहिलं, हेही सांगून टाकते. म्हणूनच हे मला जमायचं नाही. जन्मभर मी त्या भोकावर हात ठेवून बसू का?

काल दुपारी दादा झोपला होता तेव्हा दोन नट सोडवले आणि पॅकिंग काढलं. 'मं' अजून स्वच्छ वाचता येतो, जोशीबुवांची शाई पक्की. ते पाकिटात घालून अंबूबाईंना पाठवलं. सोबत लिहिलं की हा मंगळ माझा आहे, सातव्या घरातला. तो उंदरानं खाल्ला नाही, आमच्या दादानं गाडीला लावला. उद्या तुमच्या मुलाला साधा ताप आला तरी माझ्या काळजाचं पाणी होईल, म्हणून आधीच कळवते. नको असेल तर तसं सांगा, राग नाही.

राग येणार नाही हे खोटं लिहिलं. राग येईल, आणि या वेळी दोन दिवसांवर भागेल असं वाटत नाही. पण पाकीट टपालात पडलं.

दादा आज सरळगावला पायी गेला. ओरडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, निदान दुसरं पॅकिंग कापेपर्यंत तरी थांबायचंस.

रागाव, पण पत्रातून. अबोला धरू नकोस.

तुझी धाकटी,
काशी

०

शहापूर,
ता. २४ फेब्रुवारी १९५८

चि. काशीस अंबूबाईचा आशीर्वाद. अक्षर रघूचं हाय, बोलणं माझं. मधे त्यानं स्वतःचं शहाणपण घुसवू नये म्हणून समोरच बसलेय.

पाकीट उघडलं तर तेलाचा वास. मला वाटलं गिरणीचं काय सामान आलं. रघूनं चकती उजेडाला धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, कापलीय सफाईनं, पण कागद एकेरी हाय, महिन्याभरात परत फाटल. तुझ्या भावाला सांग. तुझं पत्र मग वाचलं त्यानं. दोनदा वाचलं, ते मी पाहिलं.

तारी परवा येऊन माझ्यासमोर रडली. मी तिला च्या दिला. तिच्यावर माझा राग नाय.

आता माझं ऐक. माझी आणि रघूच्या बापाची पत्रिका आताच्या शास्त्रीबुवांच्या वडलांनी जुळवली. छत्तीसातले तेहतीस गुण. मंगळ नाय, शनी नाय, काय नाय. असा जोडा बघाया मिळत नाय, असं गावभर सांगत फिरले. रघू दोन वर्षांचा होता तेव्हा तो गेला. तीन दिवसांचा ताप. मग लोकांनी माझ्याच पायगुणाला बोल लावला. तेहतीस गुण कुणाला आठवले नायत. तेव्हा मला वाटायचं, आपल्यालाबी एक मंगळ असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर तरी ढकललं असतं.

पत्रिका मी लोकं मागतात म्हणून मागितली. पुन्यांदा ती काय कुणाला दाखवायची नाय. साखरपुडा ठरल्या दिवशीच हाय. तू लपवलं असतंस तर मला कळलं नसतं, आणि तरी तू लपवलं नायस. मला असंच माणूस घरात पायजे होतं.

आणि रघूला ताप येल. कधी ना कधी येलच, समद्यांना येतो. तेव्हा मंगळाकडे बघत बसू नको. मला हाक मार.

तुझी होणारी सासू,
अंबूबाई