हिवरखेडचे चाळीस टक्के

अमरावती

तीर्थरूप उत्तममामांना,

अनुपमाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? पट्टा न बांधता अकोलाभर हिंडता, असं माणिकमामी सांगत होत्या. (चहाड्या नव्हेत, काळजी.) इकडे सगळे मजेत, फक्त मला झोप नाही.

सोमवारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुमच्या १९९६ च्या शोधनिबंधावर उभं आहे: हिवरखेडची चाळीस टक्के भाजी अकोल्याच्या बाजारात जाते. प्रबंध देऊन झाल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, बघू तरी, हा आकडा आणखी कोणी वापरलाय का. अठ्ठावन्न निबंध निघाले, मामा! कोण कोणाचा संदर्भ देतो याचे बाण कॅलेंडरच्या पाठीवर काढत बसले. प्रत्येकाच्या संदर्भयादीत आधी विभागप्रमुखांचं नाव (लग्नपत्रिकेत रुसणाऱ्या काकांचं घालतात तसं), मग मित्रांची, मग स्वतःचंच चारदा. एकोणीस जणांनी तर हिवरखेड उचलून आमच्या तिवसा तालुक्यात आणून ठेवलंय! तेल्हाऱ्याचं गाव ते, जिल्हासुद्धा वेगळा. एकानं चूक केली, बाकीच्यांनी ती अदबीनं उतरवून घेतली. मूळ निबंध उघडलेला कोणी दिसेना. बाण मात्र सगळे शेवटी तुमच्यापाशी. मला इतका अभिमान वाटला की सरळ एसटी पकडून हिवरखेड गाठलं.

तिथे भाजीच्या मळ्यात पार्बताबाई भेटल्या. तुमचं नाव काढताच हसायलाच लागल्या. "त्या मास्तरले मीच सांगतलं होतं. लय येळचे बसून राहिले होते, अन् मले वांगे तोडाचे होते. मंग म्हनलं, लिवून घ्या चाळीस!"

मी बांधावरच बसले. मामा, तुम्ही आणखी चार जणांना विचारलं असेल ना? मला भीती वाटतेय, माझ्यासाठी आणि तुमच्यासाठीही. धीर करून विचारलं, मग खरा आकडा किती? बाईंनी बराच विचार केला. "आता चाळीसच असंन बाई. शिकलेले सारे तेच सांगून राहिले."

तुमची,
अनुपमा

ता. क. त्या वेळची टिपणांची वही माळ्यावर असेल, तर तेवढी शोधा.

ता. क. २. वही सापडली नाही, तर शुक्रवारीच मामींना घेऊन आमच्याकडे राहायला या. माझ्या परीक्षकांनी तुमचा आकडा सतरा वेळा वापरलाय. शनिवारी ते शाल-श्रीफळ घेऊन तुमच्या दर्शनाला अकोल्याला येताहेत, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही.