अडकलेलं चित्र

प्रिय हिल्काताई,

देवदयेने धडधाकट आहे, जेवतोही. तुझी कंबर कशी आहे?

तू सांगितलंस तसा फोनच्या पडद्यावर समुपदेशक बाईंशी बोलायला बसलो. सोय चांगली आहे. इथे उत्तरेत डॉक्टर दोनशे किलोमीटरवर, शिवाय शेजाऱ्यांनाही कळत नाही.

बाई गप्प होत्या. मला वाटलं, आपल्या इकडच्या माणसांसारख्या मध्ये न बोलता मन लावून ऐकताहेत. माझ्या बायकोला, आउनेला, पुरल्यापासून तळ्यावरचा पातळ बर्फ मला कसा बोलावतो, ते पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

मग त्यांचा फोन आला. "अहो ताइस्तो, चित्र अडकलं होतं! अर्धा तास मला वाटलं, तुम्हीच गप्प बसलायत. काही म्हणालात का?"

"नाही," म्हणालो.

ताई, लवकर ये. काही विचारू नकोस, नुसती समोर बस. बर्फ अजून पातळ आहे.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
ताइस्तो