डायनॅमोची बारकी तार

नंदनवन, नागपूर
रविवार, ११ मार्च १९८४

प्रिय जयवंता,

तुला आणि कृष्णकांतरावांना आमचा सप्रेम जयभीम. छोटीला गोड पापा. तिला दुसरा दात आला हे वाचून बरं वाटलं. आता ती चावायला लागेल, जपून राहा.

इकडे आम्ही ठीक आहोत असं दर पत्रात लिहिते, म्हणून आजही लिहिलं. ऊन चढायला लागलंय. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत, पण यंदा अजून कोणी त्यांना हात लावलेला नाही. काटोलच्या बागेतून नत्थूजींनी संत्र्यांची पेटी बसने पाठवली. दरवर्षी आपण गाडीने जाऊन आणायचो. यंदाची फळं गोड आहेत, पण बसच्या टपावर अर्धी दबून गेली. त्यांचा मुरंबा करून ठेवला आहे, कोणी चंद्रपूरकडे येणारं भेटलं की पाठवीन.

बाबांना डोळ्यांबद्दल काही बोलू नको असं तू पुन्हा लिहिलं आहेस. ते अजून मोतीबिंदू पिकायचीच वाट पाहतात. पिकला की काढून टाकू, महिनाभर पट्टी, मग पुन्हा पहिल्यासारखं, असं शेजारपाजारच्यांना सांगत असतात. तो काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही आणि थेंब टाकून उरलेली सांभाळायची आहे, हे फक्त तुला आणि मला माहीत. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून आपण दोघींनी ठरवलं की सांगायचं नाही, धसका घेतील. आपल्याकडे असंच करतात. तुझ्या आजोबांनाही शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

गाडीचं काय झालं असं विचारलं आहेस. तू लिहितेस, बंद आहे तर बंदच राहू दे, आपोआप काळजी मिटली. आपोआप काही मिटत नाही बाई. सगळं सांगते, पण मला जरा लांबून यावं लागेल.

संक्रांतीनंतर एका सकाळी गाडीने नुसतं 'टक' केलं आणि ती गप्प बसली. हॉर्न दिला तर बकरी ओरडावी तसा आवाज. दिवे लावले तर पिवळे. तुझे बाबा वैतागतील असं मला वाटलं, पण त्यांना उलट हुरूप आला. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून कोणाची इस्त्री, कोणाचा रेडिओ, एवढ्यावरच दिवस काढत होते. आता घरचंच मोठं काम मिळालं. सदर बाजारातल्या बॅटरीवाल्याने बॅटरीला हात न लावता सांगितलं, नवी घ्या. तिथल्याच एका मेकॅनिकने सांगितलं, आनंदराव, डायनॅमोचे दिवस गेले, आता गाड्यांना अल्टरनेटर येतो, तोच बसवून टाका. बाबा त्याला म्हणाले, "आधी बिमारी तं सापडू दे. नाडी पाहिल्याबिगर डॉक्टर दवा देते का?"

मग घरीच तपासणी सुरू झाली. लिंबाखाली गाडी, बॉनेट उघडं, आणि मी बाजूला हातात दिवा धरून. लग्न झाल्यापासून हेच चाललं आहे. ते दुरुस्त करतात, मी दिवा धरते. दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं, पण त्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून मला यातलं किती कळतं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

काचेच्या नळीने त्यांनी बॅटरीच्या प्रत्येक घरातलं तेजाब ओढून तरंगणारा काटा पाहिला. एखादंच घर खाली असतं तर बॅटरी गेली म्हणायची. इथे सगळी घरं सारखीच खाली. "बॅटरी बिमार नाही, उपाशी आहे," ते म्हणाले. बॅटरी सदरला नेऊन चार्ज करून आणली, दोन दिवस गाडी चालली आणि पुन्हा 'टक'. मग कुठे वीज गळते का म्हणून बॅटरीची तार सोडवून मध्ये छोटा बल्ब लावला. तो लागला नाही, म्हणजे गळती नव्हती. डायनॅमोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, तो ताठ होता. म्हणजे गाडी चालू असताना बॅटरीला जे मिळायला हवं तेच मिळत नव्हतं. समोरचा लाल दिवाही तेच सांगत होता, इंजिन चालू झालं तरी विझत नव्हता.

डायनॅमोला दोन तारा असतात, एक जाड आणि एक बारकी. त्या दोन्ही काढून बाबांनी डायनॅमोची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली, मीटर लावला आणि मला गाडीत बसवून इंजिन चालू करायला लावलं. काटा झरकन वर गेला. डायनॅमो ठणठणीत. मग राहिला कटआऊट, बॅटरीला जाणारी वीज सांभाळणारी ती काळी डबी. ती उघडून साफ केली. मग एका ओळखीच्याकडून दुसरी आणून लावली. एक दिवस लाल दिवा विझला, बाबा अंगणातूनच मला हाक मारत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा पेटलेला.

असं कितीदा झालं. त्यांनी सगळं सोडवून पुन्हा जोडलं की गाडी बरी, आणि एक दिवस गेला की पुन्हा आजारी. ते कागदावर आकृत्या काढत बसायचे. जेवताना मध्येच हात थांबायचा. मी वाढत राहायची.

जयवंता, आता लिहूनच टाकते. ते मी करत होते.

डिसेंबरात आम्ही काटोलहून परत येत होतो. अजून उजेड होता. रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. मला ती लांबूनच दिसली. मला वाटलं त्यांनाही दिसली. गाडी तिच्याकडे सरकत गेली, सरकतच गेली, शेवटी मी ओरडून स्टेअरिंग ओढलं. टोपली पडली, तुरीच्या शेंगा रस्त्यावर पांगल्या. बाई वाचली. ती शिव्या देत होती आणि बाबा मला विचारत होते, "कोन होतं वं?" त्यांना समोरचं अजून छान दिसतं. बाजूचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही त्यांना कळत नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, काही दिवस गाडी चालवू नका. ते म्हणाले, मोतीबिंदू आहे, आंधळा नाही झालो. यावर मी काय बोलणार होते? बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

लोखंडी कपाटात तुझी नेलपॉलिशची बाटली राहिली आहे, पाण्यासारखी, रंग नसलेली. दुपारी ते झोपले की मी बारक्या तारेचा नट काढायची, तारेच्या टोकाची चकती आणि ती बसते तो खिळा, दोन्हींवर नेलपॉलिशचा हात द्यायची, वाळलं की नट हलकेच परत लावायची. दिसायला तार जागच्या जागी, पण वीज काही जायची नाही. बाबांनी तार काढून घट्ट बसवली की थर खरवडला जायचा आणि गाडी चालायला लागायची. मग दुसऱ्या दुपारी मी पुन्हा तेच करायची. आणि संध्याकाळी त्यांच्या बाजूला दिवा धरून उभी राहायची. ते म्हणायचे, "अवं, डायनॅमोवर दाखव ना, तिकडं काहून दाखवून राहिली?" मी म्हणायची, हात दुखतोय. त्यांना दिव्याच्या झोतात असेल तेवढंच दिसतं, आणि झोत माझ्या हातात होता.

मला वाटलं होतं, चार दिवस खटपट करतील, कंटाळतील आणि गाडी काढून टाकतील. इतकी वर्षं संसार करून मी त्यांना एवढंच ओळखलं. ते कंटाळले नाहीत. खचले. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा पाना हातात धरून नुसते उभे होते. मला म्हणाले, "सारं बरोबर करून राहिलो मी, अन् बरोबर येत नाही. माहं डोकंच काम नाही करून राहिलं आता." मी म्हटलं, असं काही नाही, चला चहा घ्या. मला लाज वाटली पाहिजे होती. वाटलीही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बाटली काढली.

मग परवा पलीकडच्या सिंधूताई इस्त्री घेऊन आल्या. गरम होत नाही म्हणाल्या. अशा इस्त्र्या तुझ्या बाबांनी बोलता बोलता दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि न उघडताच परत दिली. "ताई, दुकानात घेऊन जा. आता हे माह्याकडून होत नाही." सिंधूताईंना वाटलं रागावले आहेत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. जयवंता, गाडी थांबावी एवढंच मला हवं होतं. या माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या नजर गेली असती तरी हातांना सवय होती, हात चाचपून कामं करत राहिले असते. तेच मी काढून घेत होते.

काल दुपारी ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. मी बाटली त्यांच्या हातात दिली.

"हे काय आहे?"

"नेलपॉलिश. जयवंताची राहिलेली."

"मंग?"

मी सांगितलं. ते उठले आणि अनवाणी अंगणात गेले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मी दारातच थांबले. त्यांनी नट काढला, चकती नखाने खरवडली, बोट नाकाजवळ नेऊन वास घेतला. परत आले तेव्हा ताप उतरलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता.

"म्हणजे डायनॅमो चांगला होता."

"हो."

"अन् कटआऊट बी."

"तोही."

"मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," ते म्हणाले आणि हसायला लागले. "टेलिफोनवाल्याले गंडवलं वं तू." चहा मागितला. साखर जास्त घालायला लावली. तो घोट घोट पिताना मला वाटलं, सुटलो आपण, एवढ्यावरच भागलं. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "पन काहून?"

पेट्रोल परवडत नाही, गाडी नकोशी झाली, काहीही सांगता आलं असतं. जीभ वळली नाही. मी काटोलच्या रस्त्यावरच्या बाईपासून सुरुवात केली, काचबिंदू सांगितला, दवाखान्याबाहेरचा बाकही सांगितला. मध्ये एकदाही त्यांनी मला अडवलं नाही. शेवटी विचारलं, "जयवंताले मालूम आहे?"

"आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या तपासणीपासून."

"तिच्या चिठ्ठ्यांत असते हे?"

"असतं. मी तुम्हाला वाचून दाखवताना गाळते."

मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मला सोसलं असतं. ते हळूच म्हणाले, "गाडीचं तं मी आज ना उद्या शोधलं असतं. हे कसं शोधलं असतं मी?"

दोष तुझा नाही हे आधीच लिहून ठेवते. तू लेक आहेस, तू घाबरलीस. मी त्यांच्याजवळ राहत होते, रोज त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत होते. मला बोलता आलं असतं.

रात्री ते जेवले आणि लवकर आडवे झाले. गाडीचं काय करायचं ते मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. आज सकाळी मी लिहायला बसले तर जवळ येऊन उभे राहिले.

"पोरीले लिहून राहिली का?"

"हो."

"तिले म्हण, मले निराळी चिठ्ठी पाठव. माह्या नावानं. डॉक्टर जे बोलला ते सारं, काही न सोडता. अक्षर मोठं काढ म्हण."

मी म्हटलं, मोठं कशाला, मी वाचून दाखवीन की.

ते म्हणाले, "तू नको."

तेव्हा हे पत्र मिळताच त्यांना लिही. पाकिटावर त्यांचंच नाव घाल. पोस्टमनने माझ्या हातात दिलं तरी मी ते फोडणार नाही.

तुझी आई,
सत्यवती